फिलिप होन : पन्नास डॉलरचे चित्र आणि अठ्ठावीस वह्या

१/ १८२५ साली न्यूयॉर्कमध्ये थॉमस कोल या अप्रसिद्ध तरुणाची तीन निसर्गचित्रे प्रत्येकी २५ डॉलरला विकली गेली. त्यांपैकी विल्यम डनलॅपने घेतलेले चित्र लगेच ५० डॉलरला विकत घेणारा गृहस्थ म्हणजे फिलिप होन. आजचा थ्रेड त्याच्याविषयी.

२/ होनचा जन्म १७८० चा, एका जर्मन स्थलांतरित सुताराच्या घरातला. भावाबरोबर लिलावाचा व्यवसाय करून त्याने अमाप पैसा मिळवला आणि १८२१ मध्ये, वयाच्या चाळिशीतच, निवृत्ती पत्करली. पुढचे आयुष्य चित्रे, ग्रंथ आणि राजकारण यांना वाहिलेले होते.

३/ १८२६ मध्ये तो न्यूयॉर्कचा महापौर झाला. तेव्हा महापौराची निवड जनता नव्हे, नगरपरिषद करी. थेट निवडणूक १८३४ पासून सुरू झाली. लोकशाहीचा हा विस्तार होनच्या वर्गाला मानवणारा नव्हता. जॅक्सनविरोधी व्हिग पक्षाचा तो खंदा समर्थक ठरला.

४/ आता त्या ५० डॉलरकडे परत येऊ. वरचा नफा खरे तर चित्रकाराला द्यायला हवा होता, पण स्वतःच्या गरजेपोटी देता आला नाही, असे डनलॅपने पुढे लिहून ठेवले. आश्रयदात्याचा पैसा कलावंतापर्यंत पोहोचतोच असे नाही. कोलला मात्र नाव मिळाले, आणि त्याच्यापासून ‘हडसन रिव्हर स्कूल’ ही चित्रपरंपरा सुरू झाली असे मानले जाते.

५/ १८३६ मध्ये होनने ब्रॉडवेवरील आपले घर ६०,००० डॉलरला विकले. पुढच्याच वर्षीच्या आर्थिक अरिष्टात त्याच्या संपत्तीचा मोठा हिस्सा बुडाला.

६/ उरली ती रोजनिशी. १८२८ पासून १८५१ मधील मृत्यूपर्यंत त्याने २८ वह्या भरल्या. १८३५ ची भीषण आग, मेजवान्या, नाटके, निवडणुका, सारे तीत आहे. त्याचबरोबर आयरिश स्थलांतरितांविषयीचा उघड तिरस्कारही आहे. एका स्थलांतरिताच्या मुलाने, शहरात स्थिरावल्यावर, मागून येणाऱ्यांना परके ठरवले.

७/ म्हणूनच होनला केवळ ‘रसिक महापौर’ म्हणणे अपुरे आहे. नवख्या चित्रकारासाठी त्याचे दार उघडे होते. बंदरावर उतरणाऱ्या आयरिश मजुराचे येणे त्याला खुपत होते. रसिकता आणि औदार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा त्याने स्वतःच्याच हस्ताक्षरात मागे ठेवला.