कालबाण

कालबाण : भूतकाळाकडून भविष्यकाळाकडे असलेली काळाची एकदिशता दर्शविणारी संज्ञा. ती आर्थर स्टॅन्ली एडिंग्टन यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे रूढ झाली. पाण्यात पसरलेली शाई आपोआप पुन्हा एकत्र येत नाही. तथापि न्यूटन यांचे गतिनियम काळाची दिशा उलट केली, तरी तसेच लागू राहतात. ही विसंगती कालबाणविषयक विचाराचे मूळ होय.

रूडोल्फ क्लॉझियस यांनी १८६५ मध्ये एंट्रॉपी ही संज्ञा योजिली व विश्वाची एंट्रॉपी कमाल मूल्याकडे जाते, असे प्रतिपादन केले [→ ऊष्मागतिकी]. लूटव्हिख बोल्टस्‌मान यांनी १८७२ मध्ये या वाढीची उपपत्ती रेणूंच्या परस्पर आघातांवरून मांडली. सर्व रेणूंचे वेग एकाच क्षणी उलट केल्यास वायू पूर्वावस्थेकडे परतेल, असा आक्षेप योझेफ लोश्मिट यांनी १८७६ मध्ये घेतला. तेव्हा बोल्टस्‌मान यांनी १८७७ मध्ये एंट्रॉपीचा संबंध संभाव्यतेशी जोडला. अव्यवस्थित अवस्था घडून येण्याचे प्रकार सुव्यवस्थित अवस्थेपेक्षा अतिप्रचंड असतात. म्हणून एंट्रॉपी वाढते. परंतु हाच युक्तिवाद भूतकाळालाही लागू पडतो. त्यामुळे पूर्वी एंट्रॉपी कमी होती, हे स्वतंत्रपणे गृहीत धरावे लागते व प्रश्न विश्वाच्या प्रारंभाशी येऊन ठेपतो.

संपूर्ण विश्व समतोलात असून आपला परिसर हा त्यातील यादृच्छिक चढउतार आहे, अशी कल्पना बोल्टस्‌मान यांनी १८९५ मध्ये आपल्या साहाय्यकाच्या नावे मांडली. मात्र लहान चढउतार मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक संभाव्य असल्याने एवढ्या विस्तृत सुव्यवस्थेचा उलगडा तीतून होत नाही.

विश्वाच्या प्रसरणाचा पुरावा एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दिल्यावर टॉमस गोल्ड यांनी कालबाण प्रसरणाशी निगडित असल्याचे सुचविले. फ्रेड हॉईल व जयंत नारळीकर यांनी १९६३-६४ च्या सुमारास विद्युत् चुंबकीय प्रारणाच्या एकदिशतेचा संबंध विश्वरचनेशी जोडला. आकुंचन पावणाऱ्या विश्वात कालबाण उलटेल, हे स्टीव्हन हॉकिंग यांनी १९८५ मध्ये मांडलेले मत त्यांनी पुढे मागे घेतले.

आर्नो पेंझिअस व रॉबर्ट विल्सन यांनी १९६५ मध्ये जाहीर केलेले सूक्ष्मतरंग प्रारण आद्य विश्व जवळजवळ एकविध होते, असे दर्शविते; त्याच्या तापमानातील फरक सु. एक लाखात एक भाग इतकेच आहेत. एकविध वायूची एंट्रॉपी सामान्यतः कमाल असते. मग आद्य विश्वाची एंट्रॉपी कमी कशी? रॉजर पेनरोझ यांनी १९७९ मध्ये याचे उत्तर गुरुत्वाकर्षणात शोधले. गुरुत्वामुळे द्रव्य एकत्र येऊन तारे व कृष्णविवरे बनतात आणि एंट्रॉपी वाढते. म्हणून गुरुत्वाच्या दृष्टीने एकविध अवस्था ही अत्यल्प एंट्रॉपीची ठरते. जेकब बेकेनस्टाइन व हॉकिंग यांनी १९७२–७४ या काळात कृष्णविवराची एंट्रॉपी त्याच्या पृष्ठाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, हे दाखविले होते. तिच्या आधारे अशी प्रारंभिक अवस्था यदृच्छेने लाभण्याची संभाव्यता, एकाच्या पुढे १० चा १२३ वा घात इतकी शून्ये दिल्यास येणाऱ्या संख्येत एक, एवढी अल्प असल्याचा अंदाज पेनरोझ यांनी केला.

या प्रश्नाचा जीवसृष्टीशीही निकट संबंध आहे. पृथ्वीला सूर्याकडून मिळणाऱ्या प्रत्येक प्रकाशकणामागे ती सु. २० अवरक्त कण अवकाशात परत टाकते. ऊर्जा तेवढीच राहते. परंतु एंट्रॉपी बाहेर जाते व त्यावरच वनस्पती आणि प्राणी यांची सुव्यवस्था टिकते. सूर्य हा थंड अवकाशातील उष्ण बिंदू आहे, याचे कारण आद्य विश्वातील द्रव्य विखुरलेले होते. ॲलन गूथ यांच्या १९८१ मधील स्फीती सिद्धांताने एकविधतेचे स्पष्टीकरण दिले. पण स्फीती सुरू होण्यासाठीही अल्प एंट्रॉपीची अवस्था लागते, असा आक्षेप आहे. त्यामुळे प्रारंभिक अवस्थेचे कारण अद्याप अनिर्णीत आहे.