आकाशरेषा, महानगरांची : हवाई छायाचित्रांतून तुलना

महानगरांच्या आकाशरेषांची तुलना बहुधा उंचीच्या आकड्यांवर केली जाते. तिरप्या कोनातून घेतलेली हवाई छायाचित्रे मात्र उंचीपेक्षा जमिनीचे नियम अधिक ठळकपणे दाखवतात. मॅनहॅटनमध्ये टोलेजंग इमारतींचे दोन पुंजके दिसतात, एक दक्षिण टोकाला आणि दुसरा मिडटाउनमध्ये. मधली वस्ती बसकी आहे. एम्पायर स्टेट इमारत (१९३१) वर जाताना टप्प्याटप्प्याने आत सरकते, कारण रस्त्यावर उजेड पोचावा म्हणून १९१६च्या नियमाने वरचे मजले मागे घेणे भाग पाडले होते. पॅरिसच्या जुन्या भागात मोंपार्नास मनोरा (१९७३, २१० मी.) एकटाच उठून दिसतो आणि मनोऱ्यांचा जथा हद्दीबाहेर, ला देफाँसला. मुंबईत लोअर परळचे काचेचे मनोरे विखुरलेले दिसतात. ते गिरण्यांच्या जमिनींवर उभे आहेत आणि लगतच चाळींची कौले आहेत.

मॅनहॅटनच्या मधल्या भागात नियमांमुळे नव्हे, तर खडक खोल असल्याने मनोरे आले नाहीत, असा एक जुना आक्षेप आहे. तो लंगडा आहे. शिकागोत मऊ चिकणमातीखाली खडक बराच खोल असूनही तिथे खोल पाये घेऊन मनोरे उभारले गेले. भिंग फसवते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लांबून टेलिफोटो भिंगाने टिपलेल्या, एकमेकींपासून मैलभर अंतरावरच्या इमारती खेटून उभ्या असल्यासारख्या दिसतात, त्यामुळे दाटी एकाच छायाचित्रावरून ठरवू नये. टप्पे आणि छपरांचे प्रकार मात्र भिंग बदलले तरी बदलत नाहीत.