विज्ञान : एका शब्दाचे बदलते अर्थ

विज्ञान म्हटले की आजच्या वाचकाला प्रयोगशाळा आठवते. परंतु ज्ञानेश्वरी किंवा उपनिषदे वाचताना हाच अर्थ मनात धरला, तर वाचकाची दिशाभूल होते. कारण अनेक शतके हा शब्द अध्यात्माच्या परिभाषेत वावरत होता.

'ज्ञा' म्हणजे जाणणे या धातूला 'वि' हा उपसर्ग लागून हा शब्द बनला. 'वि' म्हणजे विशेष, तसेच विविधही. शब्दाच्या अर्थाला पुढे जे दोन फाटे फुटले, त्यांचे बीज येथेच दिसते.

तैत्तिरीय उपनिषदात मनोमय कोशाच्या पलीकडे विज्ञानमय कोश सांगितला आहे. बौद्ध परंपरेत रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान असे पाच स्कंध मानले जातात. तेथे विज्ञान म्हणजे विषयांची जाणीव. अमरकोशाने मात्र स्पष्ट विभागणी केली. मोक्षाविषयीची बुद्धी ते ज्ञान आणि शिल्प व शास्त्रे यांविषयीची ते विज्ञान.

भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायाचे नावच ज्ञानविज्ञानयोग असे आहे. येथे भाष्यकारांचे मार्ग वेगळे होतात. शंकराचार्यांच्या मते शास्त्रातून कळते ते ज्ञान आणि त्याचा स्वतः घेतलेला अनुभव म्हणजे विज्ञान. ज्ञानेश्वरांनी (ज्ञानेश्वरी, शके 1212) विज्ञान म्हणजे प्रपंचाचे ज्ञान असा अर्थ केला. जेथे विचारही मागे फिरतो ते ज्ञान आणि प्रपंचालाच खरे मानणे हे अज्ञान, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणजे शंकराचार्यांकडे ज्ञानाचा कळस ठरलेले विज्ञान ज्ञानेश्वरीत त्याची पूर्वतयारी ठरते. मात्र ज्ञानेश्वर त्याला त्याज्य म्हणत नाहीत. ते आधी जाणून घ्यावे लागते, असेच ते सांगतात.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात 'बहुधा ज्ञान' आणि 'शुद्ध ज्ञान' असे दोन स्वतंत्र समास लिहिले. नाना विद्या आणि परीक्षा यांची जाण म्हणजे आत्मज्ञान नव्हे, हे त्यांनी तेथे बजावले आहे. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात एका तत्त्वापासून सृष्टीतील नाना पदार्थ कसे झाले हे समजणे, असा विज्ञानाचा अर्थ लावला.

आधुनिक काळात हा शब्द भौतिक शास्त्रांसाठी रूढ झाला. 1966 साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या नावात तोच अर्थ आहे. तो अमरकोशातील अर्थाच्या बराच जवळचा असला, तरी निरीक्षण व प्रयोगाची आजची पद्धत त्या जुन्या शब्दात गृहीत नव्हती.

म्हणूनच जुन्या ग्रंथात 'विज्ञान' हा शब्द दिसला, एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना आजचे विज्ञान अवगत होते असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. ग्रंथ कोणता, भाष्यकार कोण आणि शेजारी 'ज्ञान' कोणत्या अर्थाने आले आहे, हे आधी पाहावे.