टपालाची मक्तेदारी आणि नाफ्टा : कॅनडा पोस्ट विवाद

१९८१ च्या कायद्याने सरकारी महामंडळ झालेल्या कॅनडा पोस्टकडे पत्रवाटपाचा एकाधिकार आहे. त्यासाठी उभारलेल्या यंत्रणेचा लाभ हे महामंडळ पार्सल-व्यवसायात अनुचितपणे घेते, असा दावा यूपीएस या अमेरिकी कंपनीने २००० मध्ये नाफ्टा कराराच्या अकराव्या प्रकरणान्वये लवादापुढे मांडला. सरकारी मक्तेदारीच्या व्यापारी वर्तनास राज्य कितपत उत्तरदायी, हा खरा प्रश्न होता. लवादाने २४ मे २००७ रोजी बहुमताने दावा फेटाळला. शासकीय अधिकार न वापरता केलेल्या व्यवहाराचे दायित्व या प्रकरणाखाली राज्यावर येत नाही, असे त्याने ठरविले. हा विजय कलमांच्या रचनेचा होता, लोकसेवेच्या तत्त्वाचा क्वचितच. एका लवादाचे मत वेगळे पडले, हेही लक्षणीय. नाफ्टाची जागा घेणाऱ्या २०२० च्या करारात कॅनडाने गुंतवणूकदारांसाठीची ही लवादव्यवस्था स्वीकारली नाही.