डॉ. घाटगे: वैमानिक घडवणाऱ्या विमानांचे शिल्पकार

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर आज नागरी वैमानिक घडतात. पण हवाई दलातील शिकाऊ वैमानिकांसाठी पहिले स्वदेशी विमान कोणी घडवले? मराठी अभियंता डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकून ते परतले. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले 'एचटी-२' ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. त्यात शिष्य आणि प्रशिक्षक मागेपुढे बसत. १९६४ मध्ये उडालेल्या 'किरण' जेटमध्ये मात्र आसने शेजारी शेजारी होती. त्यामुळे शिष्याचा हात कुठे चुकतो, हे प्रशिक्षकाला दिसे आणि चूक वेळीच सावरता येई. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. लढाऊ विमानांची चर्चा जास्त होते. पण ती चालवणारे हात आधी अशाच विमानांत तयार होतात.