छायाचित्रातील सूर्यप्रकाश : इतिहासाचे एक उपेक्षित साधन (सास्तूरच्या संदर्भात)

निसर्गदृश्याच्या छायाचित्रातील प्रकाशाचा विचार बहुधा सौंदर्याच्या अंगाने केला जातो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन भूमीचे चढउतार उठावदार करते, माध्यान्हीचे ऊन ते पुसून टाकते, हे छायाचित्रकारास अनुभवाने ठाऊक असते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ह्या प्रकाशाचे मोल निराळे आहे. ज्या गावाचे मूळ स्थळच उजाड झाले, त्याच्या बाबतीत छायाचित्रातील ऊन-सावली हा दिशेचा व काळाचा पुरावा ठरतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हे असे एक गाव. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने ते उद्ध्वस्त झाले. आदल्याच दिवशी गणेशविसर्जन झाले होते. माणसे झोपेत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदांचा मातीचा भार हीच ह्या भागातील प्राणहानीची मुख्य कारणे ठरली. पुढे नव्या जागी, आखीव रस्त्यांवर, गावाचे पुनर्वसन झाले. साहजिकच जुन्या गल्ल्या, वाडे व शिवारवाटा ह्यांचे स्वरूप जाणण्यास वृद्धांचे स्मरण, महसुली नकाशे आणि कुटुंबांतून वाचलेली छायाचित्रे एवढीच साधने उरतात. लग्नकार्याच्या चित्रात पाठीमागे सहज आलेली भिंत वा दूरचा माळ ह्यांना म्हणूनच दस्तऐवजाची योग्यता प्राप्त होते.

असे चित्र वाचण्यापूर्वी छायाचित्रणाच्या तंत्राचा इतिहास ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १८५५ मध्ये मुंबई सरकारने टॉमस बिग्ज ह्यांस विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंच्या चित्रणासाठी नेमले, तेव्हा ते कागदी प्रतिलेख वापरीत. ही कागदी पद्धत काय किंवा १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेली ओल्या काचेची पद्धत काय, दोन्ही मुख्यतः निळ्या व जांभळ्या किरणांनाच संवेदनशील होत्या. त्यामुळे निळे आकाश चित्रात कोरे पांढरे उतरे व त्यातील ढग बहुधा नाहीसे होत. अशा चित्रावरून ‘आभाळ निरभ्र, म्हणजे उन्हाळा’ असे अनुमान काढणे प्रमादाचे होईल. १८७३ मध्ये फोगेल ह्यांनी रंजकद्रव्यांच्या योगे ही मर्यादा दूर करण्याचा मार्ग दाखविला. सर्व वर्णांना संवेदनशील असलेल्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. तात्पर्य, आकाशाची साक्ष तंत्रावर अवलंबून असते. सावलीची दिशा मात्र कोणत्याही तंत्रात बदलत नाही.

सास्तूर १८ उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. त्यामुळे सुमारे १३ मे ते ३१ जुलै ह्या काळात माध्यान्हीचा सूर्य तेथे डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो व सावली दक्षिणेस पडते. उरलेल्या वर्षात ती उत्तरेस पडते. दहा फूट उंचीच्या भिंतीची माध्यान्ह-छाया २१ जूनला जेमतेम एक फूट, तर २१ डिसेंबरला सुमारे नऊ फूट भरते. शिवाय भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची असल्याने येथील खरी माध्यान्ह घड्याळात सरासरी १२ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास येते. दिशा, ऋतू व वेळ ह्या तिहींपैकी दोन गोष्टी अन्य पुराव्याने कळल्या, तर तिसरी सावलीवरून काढता येते. लग्नपत्रिकेने तिथी व मुहूर्त कळला, तर गल्ली कोणत्या दिशेस जात होती, हे ठरविता येईल.

येथे दोन इशारे आवश्यक आहेत. पहिला असा की, सूर्याचे तेच स्थान वर्षातून दोनदा येते. ३० सप्टेंबर व १३ मार्च ह्या दिवशींच्या सावल्या जवळजवळ सारख्याच असतात. ह्या दोहोंत निवड सावलीने होत नाही, शिवाराने होते : एका वेळी पावसाळ्याअखेरचे हिरवे गवत, दुसऱ्या वेळी रब्बीच्या काढणीनंतरची उघडी काळी जमीन. दुसरा इशारा असा की, प्रतिलेख उलटा ठेवून छापला गेल्यास उजवे-डावे बदलते आणि पूर्वेचे ऊन पश्चिमेचे भासते. पाटीवरील अक्षरे किंवा लुगड्याचा पदर कोणत्या खांद्यावर आहे, हे आधी पाहावे. मगच सावली मोजावी.

भूकंप सूर्योदयापूर्वी दोन तासांहून अधिक आधी झाला. दिवस उजाडल्यानंतर टिपलेल्या कोणत्याही चित्रात गाव पडलेलेच असणार. उभे गाव केवळ त्यापूर्वीच्या चित्रांतच सापडेल. जुन्या गावात वावरलेली पिढी हयात आहे तोवर ही चित्रे तिच्यासमोर ठेवून स्थळे निश्चित करून घेणे हे अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य होय. स्मरण आणि सावली ह्यांचा मेळ बसेल तेथे नकाशावर खूण करावी. जेथे विसंगती दिसेल, तेथे प्रथम आपल्या मोजणीविषयी शंका घ्यावी.