मोती गळाल्याची चिठ्ठी घेऊन कोण धावलं?

या भागाचा पहिला तुकडा मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत मागे सतत छुमछुम ऐकू येते. ते आमच्या ग्रुपमधले काका. साठीला टेकलेत, मुलुंडहून येतात, आणि पाठीवरच्या पाण्याच्या बॅगेला त्यांनी घुंगरू बांधलेत. का, तर पहाटेच्या अंधारात बिबट्याला आपली चाहूल आधीच लागावी म्हणून. आम्ही सगळे हसायचो. आता मी हसत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आधी स्वतःची फजिती सांगतो. गेल्या हिवाळ्यात सह्याद्रीतल्या एका पन्नास किलोमीटरच्या ट्रेल शर्यतीत मी अडतिसाव्या किलोमीटरला बाद झालो. तिथल्या टप्प्यावर ठराविक वेळेच्या आत पोहोचायचं असतं, मी अकरा मिनिटं उशिरा पोहोचलो. चूक कोणाची नाही, माझीच. पहिला चढ मी दहा किलोमीटरची शर्यत असल्यासारखा चढलो होतो. जीपमध्ये बसून परत आलो, खिशातला राजगिऱ्याचा लाडू तसाच होता. निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे तीन अक्षरं: डीएनएफ. म्हणजे गडी पोहोचला नाही.

तेव्हापासून दर शनिवारी गेटपासून कान्हेरीपर्यंतचा रस्ता, मग लेण्यांच्या पायऱ्या वर-खाली, मग परत. अशाच एका शनिवारी काकांनी धावता धावता विचारलं, "काय रे, पानिपतची ती मोत्यांची चिठ्ठी तुला माहितीये ना? ती आणली कोणी?"

मी म्हटलं, "असेल कोणीतरी घोडेस्वार."

"घोडेस्वार नाही रे. कासीद. वाच जरा."

वाचलं. आणि गेले दोन महिने ऑफिसच्या कामापेक्षा जास्त डोकं मी याच माणसात घातलंय.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पटकन सांगतो. १४ जानेवारी १७६१, पानिपत. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले. नानासाहेब पेशवे तेव्हा पुण्यात नव्हतेच, फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. पण नोव्हेंबरपासून भाऊंची छावणी अब्दालीने कोंडत आणलेली, त्यामुळे खात्रीची बातमी मिळणं कठीण झालं होतं. २४ जानेवारीच्या सुमारास पेशवे माळव्यात भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ असताना त्यांच्या माणसांनी एका सावकाराचा कासीद अडवला. त्याच्याकडची चिठ्ठी फोडली. त्यात हिशेबाच्या भाषेत लिहिलं होतं: दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपया-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार, खुर्दा म्हणजे बाकी सगळे. त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर नानासाहेब गेले.

शाळेत आपण इथे थांबतो. पण ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात याच प्रसंगात एक बारीकसा तपशील आहे, आणि धावणाऱ्या माणसाची नजर तिथेच अडकते. डफ म्हणतो की या कासिदाने पानिपतहून निघून नवव्या दिवशी औरंगाबादला पोहोचण्याचं कबूल केलं होतं.

नवव्या दिवशी! मी तिथेच एक्सेल शीट उघडली. पानिपत ते औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तरी हजाराच्या वर किलोमीटर जातात. वाटेची वळणं धरली तर अकराशेच्या पुढे. भागिले नऊ. दिवसाला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, नऊ दिवस लागोपाठ. आणि कासीद म्हणजे पायी जाणारा बरं का. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही त्याचा अर्थ धावत निरोप नेणारा असाच दिलाय.

हा आकडा किती मोठा आहे ते कळायला आजचं एक उदाहरण घेऊ. ग्रीसचा यानिस कूरोस हा लांब पल्ल्याच्या धावण्यातला सचिन समजा. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने सहा दिवसांत १,०३६ किलोमीटर कापले, आणि तो विक्रम कित्येक वर्षं टिकला. तोही सपाट ट्रॅकवर, खायला-प्यायला हातात देणारी माणसं शेजारी. सावकाराच्या पदरचा साधा नोकर एकट्याने याच्या जवळपास जाईल, हे मला पटत नाही. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे असा आकडा दिसला की मी आधी विचारतो, हे एका मशीनवर चाललंय की अनेक?

याचं उत्तर मला चारशे वर्षं मागे मिळालं. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता महंमद तुघलकाच्या काळात हिंदुस्थानात आला. तो लिहितो की इथे टपालाच्या दोन तऱ्हा आहेत, एक घोड्याची आणि एक पायी, आणि पायी टपाल घोड्यापेक्षा जलद जातं. कारण दर मैलात तीन ठाणी. प्रत्येक ठाण्यावर माणसं कंबर कसून तयार. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात काठी, आणि काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. लांबून आवाज आला की पुढचा उठून उभा राहतो, पत्र झेलतो आणि सुटतो. सिंधहून दिल्लीला माणसाला पन्नास दिवस लागत, टपाल पाच दिवसांत पोहोचे. सुलतान दौलताबादेत असताना त्याला प्यायला गंगेचं पाणी जायचं, ती वाट चाळीस दिवसांची.

दौलताबाद. औरंगाबादच्या शेजारचंच. म्हणजे दिल्लीकडून दख्खनला येणारी हीच वाट. चाळीस दिवसांची वाट नऊ दिवसांत कापायची, तर ताजे पाय हवेत. आपल्या जुन्या मराठीत 'डाक बसवणे' म्हणतात ते हेच, ठिकठिकाणी माणसं पेरून ठेवणं. माझं मत असं की नवव्या दिवसाचा तो करार एका माणसाच्या जोरावर नव्हता, साखळीच्या जोरावर होता. भेलशाजवळ जो पकडला गेला, त्याने पानिपत कदाचित पाहिलंही नसेल.

(घंटांचं वाचल्यावर काकांना मेसेज केला. त्यांचं उत्तर: "मी सांगत होतो.")

आता एक शंका तुमच्यातल्या हुशार लोकांना आली असेल. चौदा तारखेपासून मोजलं तर चोवीस हा दहावा दिवस. नवव्या दिवशी औरंगाबाद गाठायचं होतं, मग हा दहाव्या दिवशी अजून माळव्यात काय करत होता? पण घड्याळ लढाईपासून सुरू होत नाही, चिठ्ठी हातात पडल्यापासून होतं. सावकाराच्या माणसाला आधी मेले कोण ते कळायला हवं, मोजायला हवं, मग सांकेतिक भाषेत लिहायला हवं. पानिपत ते विदिशा हे अंतर साडेसातशेच्या पुढे आहे. रोजच्या सव्वाशेच्या चालीने हे सहा दिवसांचं काम. म्हणजे चिठ्ठी अठराच्या सुमारास निघाली असेल, तर सगळा हिशेब बसतो.

आणि एक गोष्ट, जी मी कुठल्या पुस्तकात शोधली नाही, हेडलॅम्प संपला तेव्हा सुचली. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमीची. म्हणजे पौर्णिमा आली वीस-एकवीस जानेवारीला. कासीद वाटेवर होता ते सगळे दिवस पौर्णिमेच्या अलीकडचे-पलीकडचे, रात्रीचा बहुतेक वेळ चांदणं. थंडी कडाक्याची, पण पायांना थंडीच बरी. ज्याने रात्री जंगलात धावून पाहिलंय त्याला यातला फरक सांगायला नको. अमावास्येला येऊरच्या बाजूला अर्धा तास बॅटरीशिवाय चाललो होतो, चाललो कसला, चाचपडलो.

बरं, पेशव्यांचे स्वतःचे धावणारे नव्हते का? होते की. जासूद आणि हरकारे. पेशवाईच्या पत्रांत 'जासूदजोडी' हा शब्द येतो, पत्र घेऊन दोघं जात. एक आजारी पडला, नदीत गेला, तर दुसरा असावा. आपण सर्व्हरचा बॅकअप ठेवतो तसं. पत्रांवर पोहोचल्याची तारीख टाकायचीही पद्धत होती, आधी 'छ' आणि मग चंद्राची तारीख. म्हणजे पत्र किती दिवसांत आलं याची नोंद दफ्तरातच व्हायची. व्यवस्था पक्की होती. पण ती छावणीतून सुरू व्हायची, आणि छावणीच कोंडलेली. सावकाराला छावणीशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या हुंड्या दिल्लीपासून दख्खनपर्यंत फिरत होत्या, कोणत्या सरदाराला दिलेलं कर्ज बुडालं हे त्याला सगळ्यांच्या आधी कळणं भाग होतं. एवढ्या मोठ्या राज्याच्या प्रमुखाला घरच्या माणसांची बातमी व्यापाऱ्याची चिठ्ठी फोडून कळावी, हे मला मोत्यांच्या रूपकापेक्षा जास्त टोचतं.

ग्रीसमध्येही असाच एक निरोप्या होता. इसवी सनपूर्व ४९०, मॅरेथॉनची लढाई. हेरोडोटस सांगतो की लढाईआधी फिडिपिडिस नावाचा निरोप्या अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला धावला आणि दुसऱ्या दिवशी पोहोचला. (लढाईनंतर अथेन्सपर्यंत धावून 'जिंकलो' म्हणत मेला, ही गोष्ट खूप नंतरच्या लेखकांची.) स्पार्टावाले म्हणाले, पौर्णिमेच्या आधी आम्ही निघू शकत नाही. म्हणजे चंद्र तिथेही आडवा आलाच. १९८२ मध्ये जॉन फोडेन नावाच्या ब्रिटिश हवाई दलाच्या अधिकाऱ्याने सहकाऱ्यांसोबत ते अंतर धावून पाहिलं, हे जमतं का म्हणून. जमलं. १९८३ पासून तिथे स्पार्टाथलॉन भरते, २४६ किलोमीटर, ३६ तासांची मुदत.

तिथल्या निरोप्याचं नाव अडीच हजार वर्षं टिकलं. आमच्या कासिदाचं नाव ग्रँट डफ देत नाही. चिठ्ठीच्या भाषेत बोलायचं तर तो स्वतःही खुर्द्यातलाच.

आपल्याकडे धावणाऱ्याचं नाव कागदावर यायला आणखी दीडशे वर्षं जावी लागली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारे शेतकरी दोराबजी टाटांनी पाहिले, त्यांच्या वेळा पाहून ते चकित झाले, आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा एकोणिसावा नंबर आला, वेळ दोन तास पन्नास मिनिटं. आणि त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा जास्त होतं, ४२.७५ किलोमीटर. पण चौगुल्यांच्या मागे घड्याळ लावून कोणीतरी उभं होतं. त्यांच्याआधी टपाल घेऊन घाट चढणारे कितीतरी जण त्याच दमाचे असणार. इंग्रजी टपालखात्याच्या हरकाऱ्याच्या हातातही घुंगरांची काठीच होती, इब्न बतूताने पाहिली तशी.

माझ्या डीएनएफकडे परत येतो. करार होता औरंगाबादचा, नववा दिवस. तो भेलशाजवळ अडवला गेला. चिठ्ठी ज्या पेढीची होती, तिच्याकडे ती ठरल्या वेळी पोहोचली नसणार. म्हणजे इतिहासातल्या आपल्या सगळ्यात प्रसिद्ध धावेचा निकालही डीएनएफच. हे काकांना सांगितलं तेव्हा ते कान्हेरीच्या पायऱ्यांवर बसले होते, बुटातला खडा काढत. म्हणाले, "त्याला पेशव्याने अडवलं. तुला तुझ्या मांड्यांनी. उठ, अजून चार फेऱ्या राहिल्यात."

शर्यतीचं पुन्हा नाव नोंदवलंय. या वेळी तारीख निवडताना पंचांग पाहिलं. दोन दिवसांवर पौर्णिमा आहे.